कोर्टात न टिकणारा शेवट

साल २०२४, महिना मे, आणि नवतपा, म्हणजे उन्हाचे सर्वांत कडक नऊ दिवस, लागायच्या बेतात. साल-महिना आधीच सांगून ठेवते, कारण या प्रकरणाच्या आमच्या गल्लीत बऱ्याच आवृत्त्या फिरतात. माझा मुलगा मारोती सांगतो त्या आवृत्तीत त्याच्या एका फोनने सगळं निस्तरलं. शेजारचे महादेवराव सांगतात त्या आवृत्तीत मुळात काही बिघडलंच नव्हतं. दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघंही फक्त पुरुष आहेत.

तर त्या मे महिन्यात ‘उमरेड नाक्यावरचा खून’ नावाचा रहस्यपट लागला होता. सगळं चित्रीकरण नागपुरातलं आणि उमरेडचं. आता मला रहस्यपटांचा नाद फार जुना. तांडापेठेतल्या आमच्या घरी लहानपणी हातमाग चालायचे, आणि अमावस्येला माग बंद. त्या दिवशी आई आम्हाला टॉकीजला न्यायची. बायकांची जागा वेगळी, पुढे कापडी पडदा. दिवे गेले की तो सरकवायचा. आई गाणी पाहायला यायची, मी खुनी पाहायला. मध्यंतरापर्यंत मी खुनी ओळखला नाही असं क्वचितच झालं असेल. त्यात मोठी विद्या नाही. माझ्या लहानपणी खून मुनीमजी करत. मी लग्न होऊन आले तेव्हा डॉक्टर करू लागले. पुढे काही वर्षं जो मेला असं वाटायचं तोच जिवंत निघून खून करायचा. टीव्ही आल्यावर मात्र घरातली सर्वांत सोशिक सून खुनी निघू लागली, आणि तेव्हापासून मी आमच्या वंदनाशी जरा सांभाळून असते.

वंदना माझी सून. तिच्यासोबत, शेजारच्या बायजाबाईला घेऊन मी ‘उमरेड नाका’ पाहायला गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सपशेल हरून बाहेर आले. इतकी हरले, की दुसऱ्या दिवशी परत जाऊन पाहिला.

गोष्ट अशी. उमरेड नाक्यावरच्या गोदामात गुलाबचंद नावाच्या कापडवाल्या शेठचा मध्यरात्री खून होतो. संशय भागीदारावर. तपासाला येतो तो इन्स्पेक्टर पुण्याहून नुकता बदली होऊन आलेला. भागीदार म्हणतो, त्या रात्री मी उमरेडला मावशीकडे होतो. इन्स्पेक्टर मावशीला गाठतो. म्हातारी अंगण झाडता झाडता सांगते, “हाव साहेब, आला होता ना. जेवण करून राहिला होता.” इन्स्पेक्टर मान डोलावतो आणि भागीदाराचं नाव मनातून खोडतो. मग पुतण्या, मग चौकीदार, मग पुतण्याची बायको अशी संशयाची पालखी फिरत राहते.

मध्ये एक कलाटणी येते ती मला पटली नाही. लाईट जाते, भिंतीवरचं घड्याळ बंद पडतं, आणि म्हणून खुनाची वेळ चुकते. भिंतीवरचं घड्याळ सेलवर चालतं हे दिग्दर्शकाच्या आईने त्याला सांगायला हवं होतं. पण हे त्याला माफ. कारण पुढे जे येतं त्यासाठी मी त्याला दोन खून माफ करीन.

इन्स्पेक्टर हरून बसलेला. सकाळी तोंडाला साबण लावून आंघोळीला उभा. बाहेर फोन वाजतो. घरमालकीण उचलते आणि म्हणते, “साहेब आंघोळ करून राहिले.” साबणाच्या फेसातून फक्त त्याचे डोळे दिसतात. आणि ते डोळे हळूहळू मोठे होतात. आंघोळ करून राहिले? माझी तर अजून सुरूच आहे!

संपलं. म्हातारी म्हणाली होती, भागीदार तेव्हा जेवत होता. पुण्याच्या माणसाने ऐकलं, जेवला आणि मुक्कामाला राहिला. इन्स्पेक्टर तसाच उमरेडला धावतो. मावशी म्हणते, “मी तं तेच म्हटलं. जेवून राहिला होता, तं फोन आला, तं अर्ध्या ताटावरून उठून गेला पोट्टा.” “मग तेव्हा का नाही सांगितलंत?” “तुम्ही इचारलं काहून नाही?” शेवटी कोर्टात इन्स्पेक्टर पिंजऱ्यात उभा राहून सांगतो, की साक्षीदार पहिल्यापासून खरं बोलली, चुकीचं मी ऐकलं. ना गोळीबार, ना पाठलाग. पडद्यावर अर्धं जेवलेलं ताट, आणि चित्रपट संपतो.

मला लागलं ते हे, की ते वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत, स्वच्छ, आमच्याच बोलीत. आम्हाला तर त्याचा बरोबर अर्थ कळलाही असेल. पण इन्स्पेक्टरने मान डोलावली आणि आम्ही आपलं ऐकलेलं सोडून त्याच्या मानेवर विश्वास ठेवला. रहस्यपटाने याहून प्रामाणिक काय असावं? पत्ते उघडे टाकून हरवलं.

हे मी संध्याकाळी गल्लीतल्या बाकड्यावर सांगत होते, तर महादेवराव म्हणाले, “वहिनी, हा शेवट कोर्टात टिकत नाही.”

महादेवराव जिल्हा कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कोर्टाला अजून ते कळलेलं नाही असं त्यांना वाटतं. दुधात पाणी असलं तरी ते दूधवाल्याला तारीख देतात.

“काहून नाही टिकत?” मी म्हटलं.

“जबाब वाचून दाखवा लागते. म्हातारीले वाचून दाखवला असन, तं ती म्हटली असती ना, का बाप्पा, असं नाही, तसं.”

“वाचून काय दाखवणार? जेवण करून राहिला होता, हेच ना? ती म्हणणार, हाव, बरोबर. शब्द एकच. त्यानं आपला अर्थ ऐकला, तिनं आपला.”

महादेवरावांनी मुद्दा बदलला. “सोबत नागपूरचा हवालदार होता. त्याले समजलं नाही?”

“त्याले समजलंच होतं. साहेबाले काय समजलं, हे त्याले कोण सांगणार?”

“ते काही नाही,” ते उठतच म्हणाले. “माणूस पुण्याचा आहे, मंगळावरचा नाही. ‘करून राहिला’ कोण्या मराठी माणसाले समजत नाही? फालतू ट्विस्ट आहे.”

बायजाबाईने विचारलं, “पण त्या भागीदाराले फाशी झाली का जन्मठेप?” तिला चित्रपट आणि बातम्या यांत फरक करणं आवडत नाही.

वाद तिथेच राहिला असता. पण त्याच शनिवारी आमच्या अंजूला पाहायला पुण्याचे लोक येणार होते.

पाहायला म्हणजे नावापुरतं. माझी नात अंजू बुटीबोरीला एका कंपनीत आहे. त्याच कंपनीत पुण्याचा अंकुर. दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं, आता मोठ्यांनी ते आपण ठरवल्यासारखं करायचं होतं. मुलगा गुणी. मनीषनगरात दोन मित्रांसोबत खोली घेऊन राहायचा. स्वयंपाक येत नव्हता म्हणून संध्याकाळी आमच्याकडे यायचा, जेवायचा, माझ्या गोळ्या वेळेवर घेतल्या का ते विचारायचा आणि नऊच्या आत आपल्या खोलीवर जायचा. मला विचाराल तर माझा होकार त्या गोळ्यांपासूनच होता. अंजूचं तर काही विचारूच नका. अबोल पोरगी, कधी काही मागितलं नाही. त्या आठवड्यात मात्र तिने मला एकटीला गाठून म्हटलं, “आजी, हे जमलं पाहिजे वं.” तेवढंच.

शनिवारी सकाळी अंकुरचे आईवडील, शामलाताई आणि दिवाकरराव, आले. शामलाताई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, दिवाकरराव बँकेतून. ताई बोलायच्या तेव्हा वाक्याच्या शेवटी पूर्णविराम ऐकू यायचा. दिवाकरराव कूलरच्या समोर बसले ते तिथून हलले नाहीत. आमच्या मे महिन्याचा त्यांना पहिलाच अनुभव.

वंदनाने सांबारवडी केली होती. शामलाताईंनी बशीत पाहिलं, बशीच्या आजूबाजूला पाहिलं आणि सौजन्याने विचारलं, “सांबार नंतर येतंय का?”

“त्यातच आहे ना, ताई. मस्त भरून टाकला,” वंदना म्हणाली.

“वडीच्या आत? सांबार?”

“हाव, ताजा. सकाळीच निवडला.”

निवडलेलं सांबार म्हणजे काय हा विचार शामलाताईंच्या चेहऱ्यावरून दोनदा येऊन गेला. शेवटी अंजू हळूच म्हणाली, “काकू, कोथिंबीर.” सगळे हसले. नियती माणसाला आधी एक इशारा देते म्हणतात. आम्ही तो चटणीसोबत खाल्ला.

थोड्या वेळाने फ्रिजने उन्हापुढे हात टेकले, म्हणून अंकुर आणि अंजू बर्फ आणायला गेले. आणि त्याच वेळी इस्त्रीचा सदरा घालून महादेवराव आले. गल्लीतले वडीलधारे म्हणून मीच बोलावलं होतं. चार चांगले शब्द सांगावेत एवढीच अपेक्षा. त्यांनी सांगितले.

“मॅडम, तुम्ही काही चिंता करू नका. अंकुर आता घरचाच पोट्टा झाला. दिवाळीपासून इथं येऊन राहिला.”

शामलाताईंनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. “दिवाळीपासून?”

“भाऊबीजेपासून म्हणा. वहिनीच्या हातचं जेवून राहिला. आम्ही सारे पाहून राहिलो.”

“तुम्ही सगळे... पाहत होतात?”

“आनंदानं पाहून राहिलो! गल्लीत कोणाची तक्रार नाही.”

मी समोरच बसले होते. प्रत्येक शब्द ऐकला. महादेवरावांनी किती नेटकं सांगितलं असं मनात म्हटलंही. शामलाताईंनी दिवाकररावांकडे पाहिलं. दिवाकरराव इतक्या वेळात पहिल्यांदा कूलरसमोरून उठले. बर्फ घेऊन पोरं दारात आली तेव्हा पाहुणे चपला घालत होते.

“आम्ही कळवतो,” शामलाताई म्हणाल्या. पूर्णविराम.

लग्नाच्या बाजारात ‘कळवतो’ या शब्दाचा अर्थ पुण्यापासून गोंदियापर्यंत एकच आहे.

त्या दिवशी आमचं घर म्हणजे मध्यंतरानंतरचा रहस्यपट झालं. खून झालेला, खुनी कोणी कबूल होईना. वंदना म्हणाली, सांबारवडी तिखट झाली. बायजाबाई म्हणाली, कूलरच्या गवताचा वास त्यांना सोसला नसेल. मारोती म्हणाला, “आई, तू त्यांना त्यांचं वय विचारलं,” जे खरं होतं, पण मी फक्त दिवाकररावांचं विचारलं होतं. समोरच्या किराणावाल्याने सल्ला दिला की दाराची दिशा बदलावी. अंकुर धरमपेठेत मामांच्या घरी जाऊन आला. आईवडील तिथे उतरले होते. आला तो पडेल चेहऱ्याने.

“आई फक्त एवढंच म्हणते, तू आम्हाला फसवलंस. काय फसवलं ते सांगत नाही. म्हणते, तुला माहीत आहे.”

अंजू कपड्यांच्या घड्या घालत बसली. घातलेल्या मोडून परत घालत होती. रडली असती तर बरं झालं असतं.

पाहुण्यांची गाडी रविवारी संध्याकाळची. ती पुण्याला गेली की मग काही खरं नव्हतं. मी ठरवलं, चित्रपटातल्यासारखा तपास करायचा. एकेकाला बोलावून विचारलं, तू पाहुण्यांशी काय काय बोललास, शब्दन् शब्द सांग. मारोतीला काही आठवेना. वंदनाला फक्त पदार्थ आठवत होते. महादेवराव मात्र उभे राहिले, घसा साफ केला आणि कोर्टात वाचून दाखवावं तसं सुरू झाले.

“मी म्हटलं, अंकुर घरचाच पोट्टा झाला. दिवाळीपासून इथं येऊन राहिला. वहिनीच्या हातचं जेवून राहिला...”

माझ्या तोंडाला साबण नव्हता, एवढाच काय तो फरक.

“भाऊजी,” मी म्हटलं, “थांबा. तुम्ही पोट्ट्याला दिवाळीपासून आमच्या घरात ठेवलं.”

“मी कुठी ठेवलं?”

“येऊन राहिला! पुण्यात त्याचा अर्थ काय होते?”

वंदनाने तोंडावर हात ठेवला. अंकुर, जो नागपुरातल्या आठ महिन्यांत आमची बोली बोलायला लागला होता, तो मटकन खाली बसला आणि म्हणाला, “अरे देवा. आणि तुम्ही सगळे आनंदाने पाहत होतात.”

महादेवरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बिचाऱ्यांची मोठी पंचाईत होती. चूक मान्य करावी तर चित्रपटाचा शेवट मान्य करावा लागत होता. ते छताच्या पंख्याकडे पाहून म्हणाले, “मॅडमनं इचारा लागत होतं.”

आता नुसतं समजावून सांगायचं होतं, असं आम्हाला वाटलं. मारोती म्हणाला, घरातला कर्ता मी, फोन मी लावतो. फोन स्पीकरवर होता म्हणून त्याच्या आवृत्तीला आज कोणी भाव देत नाही.

“ताई, तुमचा गैरसमज होऊन राहिला. अंकुर आमच्याकडे राहत नाही. तो फक्त येऊन राहिला!”

मारोतीला ते अजून सोपं करून सांगावंसं वाटलं.

“म्हणजे जेवून राहिला, पण राहून नाही राहिला. आम्ही हेच समजावून राहिलो तुम्हाले...”

फोन बंद झाला. मग अंकुरने लावला. त्याने ‘करून राहिला’ म्हणजे ‘करतो आहे’ हे नीट सांगितलं. त्यावर शामलाताई म्हणाल्या, “अंकुर, मी आयुष्यभर मराठी शिकवली. असा प्रयोग नाही. खोटं बोललास ते बोललास, आता आईला व्याकरण शिकवू नकोस.”

सगळ्यांची तोंडं उतरली. आणि मला वाटलं, हिला कोणाच्या सांगण्याने पटणार नाही. हिने आपल्या कानाने, आपल्याशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलं पाहिजे. असा माणूस नागपुरात एकच होता, आणि तो तोंडाला साबण लावून उभा होता.

मोबाईलवर पाहिलं तर ‘उमरेड नाक्या’चा रविवारी सकाळी एकच खेळ, आणि शेवटचा. मी वंदनाला घेऊन मॉलमध्ये गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आजी, पंधरा लोक नसले तर शो कॅन्सल होते. आत्तापर्यंत एक बुकिंग आहे.” एवढे लोक एकदम आणायचे तर मॅनेजरची परवानगी. मॅनेजर म्हणाले, ग्रुप बुकिंगला संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज हवा. मी म्हटलं, आमची गल्ली आहे. ते म्हणाले, गल्लीचं लेटरहेड आणा. म्हाताऱ्यांना सवलत आहे का विचारलं, तर आहे, पण रविवारी नाही. मी म्हटलं, रविवारी आमचं वय कमी होते का? ते हसले नाहीत. शिकलेली माणसं एसीत बसली की हसायचं सोडतात.

अर्ज महादेवरावांनी लिहिला. चित्रपट फालतू असला तरी अर्ज हा अर्ज असतो. ‘अर्जदार प्रयागबाई, धंदा घरकाम’ अशी सुरुवात करून शेवटी ‘अर्जदारास न्याय मिळावा’ अशी प्रार्थना केली. गल्लीचं लेटरहेड म्हणून आमच्या भजनी मंडळाचा शिक्का मारला. मॅनेजरनी तो अर्ज दोनदा वाचला आणि घाबरून मंजूर केला.

भजनी मंडळ तयारच होतं. फक्त प्रत्येकीची एक अट. एकीला कोपऱ्यातली खुर्ची, एकीला नातू सोबत, एकीला नवऱ्याशिवाय. आता उरल्या शामलाताई. त्यांना मीच फोन लावला. शब्द अगदी निवडून, सांबारासारखे.

“ताई, प्रयागबाई बोलते. लग्नाचं बोलत नाही. तुमची गाडी संध्याकाळी. तोवर दिवसभर ऊन. आम्ही सगळ्या मराठी चित्रपटाला चाललो. तिथे एसी आहे.”

“नको, आभारी आहे,” शामलाताई म्हणाल्या. मागून दिवाकररावांचा आवाज आला, त्या आवाजात धरमपेठेतल्या मामांच्या कूलरबद्दल सगळं काही होतं. “शामला, एसी आहे म्हणताहेत.”

त्या आल्या.

दारावरच्या तपासणीत वंदनाची सांबारवडी आणि बायजाबाईचा सुपारीचा डबा जप्त झाला. बायजाबाईने त्या तपासणाऱ्या बाईला, तुझी सासू तुला असंच तपासो, असा आशीर्वाद दिला. आत मी शामलाताईंना मधल्या खुर्चीवर बसवलं. एका बाजूला दिवाकरराव, दुसऱ्या बाजूला मी. पाठीमागच्या रांगेत महादेवराव. अंजू आणि अंकुर दोन टोकांना, सोयरसुतक पाळावं तसे. सगळ्यांना ताकीद होती की शेवट कोणी बोलायचा नाही.

उमरेडची म्हातारी पडद्यावर आली. “जेवण करून राहिला होता.” शामलाताई शांत. इन्स्पेक्टरने मान डोलावली. शामलाताईंनीही डोलावली. मी अंधारात देवाचे आभार मानले. हिलाही त्याने तसंच फसवलं होतं.

मध्यंतरात त्या पहिल्यांदा आपणहून बोलल्या. “पुतण्या नाही. तो फार उघड आहे. भिंतीवरच्या घड्याळाचं मात्र पटलं नाही.”

“सेलवर चालते,” मी म्हटलं.

“तेच!” त्या म्हणाल्या, आणि मग आपण यांच्यावर रागावलो आहोत हे आठवून पॉपकॉर्नकडे पाहू लागल्या. काय सांगू, त्या क्षणी मला ही बाई अंजूची सासू म्हणून नुसती चालणारी नाही, हवीशी वाटली.

मग ती सकाळ आली. साबण, फेस, फोन. सगळं भजनी मंडळ पडदा सोडून शामलाताईंकडे पाहू लागलं. घरमालकीण म्हणाली, “साहेब आंघोळ करून राहिले.”

शामलाताई हलल्या नाहीत. इन्स्पेक्टरचे डोळे मोठे होत गेले, तरी नाहीत. मला वाटलं, गेलं सगळं. अंजूच्या बाजूने खुर्ची करकरली. आणि शामलाताई एकदम ताठ झाल्या, दिवाकररावांचा हात धरला आणि म्हणाल्या, “अहो. तो आंघोळ करतोय.”

“मग? दिसतंय की,” दिवाकरराव म्हणाले.

“अहो, करतोय! राहिला नाही, करतोय!” आणि मागे वळून, अख्ख्या थेटराला ऐकू जाईल अशा शाळेतल्या आवाजात, “काका, तुम्ही काल काय म्हणाला होतात?”

महादेवराव उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब वाचलेला माणूस, आज त्याचाच होता. पडद्यावरचा उजेड त्यांच्या टकलावर पडला होता.

“मॅडम,” ते म्हणाले, “पोट्टा रोज सांजच्याले येते. जेवते. नऊच्या आत चप्पल घालून आपल्या खोलीवर जाते. हे मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. माझे शब्द बरोबर होते, पण... तुमच्याकडे ते टिकले नाही. माफी असावी.”

“काका, बसा ना! दिसून नाही राहिलं!” मागून कोणीतरी ओरडलं. ते एक बुकिंग असावं.

शामलाताई हसायला लागल्या. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत. दिवाकररावांना अजून काही कळलं नव्हतं, पण बायको हसतेय म्हणून तेही हसले. मी दुसऱ्या टोकाला पाहिलं. अंजूने ओढणीत तोंड लपवलं होतं. आदल्या दिवशीचं सगळं आत्ता वाहत होतं.

या गोंधळात कोर्टाचा प्रसंग कोणालाच नीट ऐकू आला नाही. दिवे लागले तेव्हा शामलाताई नाराज होत्या. “शेवट राहिला ना माझा!” मग बाहेर कॉफी पिताना मी त्यांना तो सगळा सांगितला, पिंजऱ्यातल्या इन्स्पेक्टरपासून अर्ध्या ताटापर्यंत. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, वही तपासावी तसं.

“टिकतो,” त्या म्हणाल्या. “पूर्ण टिकतो. फक्त इन्स्पेक्टर पुण्याचा दाखवायला नको होता. पुण्याचा माणूस खात्री करून घेतल्याशिवाय मान डोलावत नाही.”

मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी कॉफीचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “बरं. दाखवला ते योग्यच केलं.”

मग त्यांनी अंजूला हाक मारली, शेजारी बसवलं आणि विचारलं, “तुझ्या मनात काय आहे ते मला सांग. आणि कळलं नाही तर मी दोनदा विचारीन, चालेल?” अंजू काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. ऐकायचंही नव्हतं. दिवाकररावांनी संध्याकाळच्या गाडीची तिकिटं मात्र रद्द केली, आणि पुढचे दोन दिवस आमच्या कूलरसमोर काढले.

लग्न डिसेंबरात झालं. पुढच्या वर्षी अंकुरची बदली झाली आणि दोघं पुण्याला गेली. अंजूला तिथे चांगली नोकरी लागली आणि तिला बोलायची सवय लागली. फोनवर आता मलाच मध्ये जागा शोधावी लागते. मारोती प्रत्येक लग्नघरी आपल्या फोनची गोष्ट सांगतो. वंदनाने सांबारवडी पुण्याला शिकवली. बायजाबाईला तिचा सुपारीचा डबा परत मिळाला नाही. मॉलवरून जाताना ती आजही तिकडे पाठ करून बसते. महादेवरावांनी चित्रपटाबद्दल एक शब्द पुन्हा काढला नाही, पण घड्याळाचा मुद्दा अजून लावून धरतात, आणि त्या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूने साक्ष देते. ‘उमरेड नाका’ त्या रविवारनंतर कुठेच लागला नाही. त्या दिग्दर्शकाने आता दुसरा काढायला घेतलाय असं ऐकते. त्याला यश मिळो, आणि चांगलं घड्याळ.

शामलाताईंचं आणि माझं छान जमलं. नवा रहस्यपट आला की त्या तिकडे पाहतात, मी इकडे, आणि मग फोनवर तासभर खल चालतो. गेल्या महिन्यात मी एकाचं तिकीट काढून बसले होते, तर त्यांचा उत्साहाच्या भरात फोन आला आणि त्यांनी खुनी कोण ते सांगून टाकलं. दुसरं कोणी असतं तर मी जन्मभर त्याचं तोंड पाहिलं नसतं. पण आम्ही पडलो मुलीकडचे. “हो का,” एवढंच म्हटलं, आणि सांगितलेला खुनी पाहायला सकाळच्या खेळाला जाऊन बसले. खुनी तोच निघाला. चित्रपट मात्र चांगला होता.